डोंगा नंबर सात

समुद्र इथून आठशे किलोमीटर.
तरी नागपूरच्या या गल्लीला बंदर म्हणतात,
आणि ऑटोवाला विचारत नाही, कोणतं.

सोसायटीच्या कपाटात रजिस्टर सापडलं.
वाळवीने समास खाल्ला, आकडे सोडले.
पहिलं पान बावन्न सालचं:
डोंगे एकोणीस, ठेक्याची रक्कम लाल शाईत,
मालक फागो पचारे, सुदाम नान्हे, बिरजू मारबते.
बिरजूपुढे ‘मयत’,
आणि खाली, दुसऱ्याच कुणाच्या हातचं,
‘मुलगा चालवतो’.

मोहाचं खोड कोरून डोंगा व्हायचा.
पहाटे चारला एकेक सुटायचा घाटावरून.
वजनाच्या रकान्यात मरळ, वाघूर, झिंगे,
दिवाळीच्या आगेमागे शिंगाडे.
एका पानावर फक्त एवढंच:
‘आज वारा. कोणी गेलं नाही.’
मी ऑडिटर. तेवीस वर्षांत
कुठल्याच रकान्यात वारा पाहिला नव्हता.

पुढे रंगाऱ्यांच्या हौदांचं पाणी उतरलं,
मासे निळे, असा शेरा आहे.
पुढे जलपर्णी.
पुढे रात्री मलब्याचे ट्रक; त्यांची नोंद नाही,
पण दुसऱ्या दिवशीपासून अक्षर बारीक झालंय.
सत्त्याऐंशी: निरंक.
अठ्ठ्याऐंशी: निरंक.
नंतरच्या कारकुनाने नुसत्या रेघा ओढल्या.

घाटाच्या अकरा पायऱ्यांपैकी
तीन उरल्यात, पानठेल्यामागे.
काळ्या दगडात दोराने पाडलेली खाच,
करंगळी बसेल एवढी.
कौतिका तिच्यावर पावशी घासते
आणि थर्माकोलच्या पेटीतला
आंध्राचा रोहू कापते.
‘ताजा आहे का?’ विचारलं,
तर म्हणाली, ‘बर्फ ताजा आहे, जी.’

एकच पावती दरवर्षी फाटते.
डोंगा नंबर सात, परवाना फी अकरा रुपये.
भरणारा: दशरथ बिरजू मारबते.

गेलो पत्ता शोधत.
मे महिना, नळाला पाणी एक दिवसाआड,
अंगणात सुलटा ठेवलेला डोंगा
आणि म्हातारा त्यात बादली ओततोय.
शेजारीण भिंतीवरून ओरडतेय,
‘पोट्टे न्हायाचे रायले अन् तुमी लाकूड धुता!’
तो माझ्याकडे बघून म्हणाला,
‘कोरडा पडला तं तडकते, साहेब.
पाजा लागते त्याले.’

तलाव कुठे आहे, मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.
डोंग्याच्या तळाशी वीतभर पाणी
हळूहळू स्थिर होत होतं.

संध्याकाळी शेवटचा रकाना भरायचा होता.
पेन उघडून बराच वेळ बसलो.
‘निरंक’ लिहिता आलं नाही.
लिहिलं: आज वारा.