तिसरं पाणी

पावणे एमआयडीसीत, रसायनांच्या दोन गोदामांमध्ये
दबून बसलेली शेड.
साठ किलोचं मशीन. मी पासवर्ड टाकतो.
प्रोग्राम सात : हॉस्पिटल, चादरी, रक्त.

पहिली पायरी गार पाण्याची.
रक्ताला आधी गरम दाखवायचं नाही,
ते धाग्यात शिजतं आणि मग तिथलंच होऊन राहतं.
सहा मिनिटं गार. डावीकडे बारा सेकंद,
थांबा चार, उजवीकडे बारा.
निचरा.
मग साबण, कॉस्टिक, बहात्तर अंश, पंचवीस मिनिटं.
आकडा गाठल्यावरच घड्याळ सुरू कर,
हे मशीनला निराळं सांगावं लागतं;
नाही तर ते तापण्याचा वेळही धुण्यात धरतं,
काही माणसं प्रवासाला नोकरीत धरतात तसं.

ब्लीच. पहिलं विसळण. दुसरं. तिसरं.

“तिसरं काढ,” वोराशेठ फोनवर म्हणाले होते,
“टँकर केवढ्याला पडतो, माहितीय ना?
शेवटी आंबट टाकतोस, मग झालं की.”
मी काढलं.
दोनशे दहा लिटर वाचले, चार मिनिटं वाचली.
सर्व्हिस रिपोर्टावर त्यांची सही, माझी सही,
तारीख नोव्हेंबरची.

डिसेंबरात आई वाशीला अकरा दिवस होती.
पाठभर लाल पुरळ उठलं.
नर्स म्हणाली, औषध बदलून बघू.
चादरीच्या कोपऱ्यावर जांभळ्या मार्करने
धुलाईची खूण होती.
ती मला वाचता येत होती.

आज निर्मलाबाई भोपी मशीन थांबवून उभ्या.
ओल्या चादरीचं टोक पिळलं,
थेंब बोटावर घेतला, बोट जिभेला लावलं.
मी ओरडलोच, अहो, हॉस्पिटलचं आहे ते!
“शिजून निंगालाय सगला,” म्हणाल्या,
“पन खार हाय अजून.
माजे सासऱ्याचा मिठागर व्हता इथं,
तुजी शेड हाय ना, तिचे खाली.
खारा काय न् गोड काय, मना नको शिकवू.”

मी लिटमसची लाल पट्टी टेकवली.
ती निळी झाली. मग मी काही बोललो नाही.

पॅनेलवर बोट. पायऱ्या एक ते नऊ.
आठ आणि नऊच्या मध्ये एक जागा केली.
पाणी : वरची पातळी. चार मिनिटं. निचरा.
शिल्लक वेळेत ती धरली जाऊ नये
म्हणून एक टिकमार्क काढायचा असतो, तो काढला.
रिपोर्टात लिहिलं : निचऱ्याचा व्हॉल्व्ह तपासला, ठीक.
खोटं नाही.
तपासलाच होता.

टँकरचं बिल महिनाअखेरीस येईल.
वोराशेठ फोन करतील.
काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

काचेमागे चादरी उचलल्या जात होत्या,
वर जाऊन स्वतःच्याच वजनाने पडत होत्या.
स्क्रीनवर शून्य आलं
आणि शून्यावरच मशीन चार मिनिटं फिरत राहिलं.

निर्मलाबाईंनी पुन्हा टोक पिळलं. पुन्हा जीभ.
या वेळी मी ओरडलो नाही.
“गोड,” म्हणाल्या,
आणि पुढची ट्रॉली ओढायला गेल्या.