पाहुण्यांचा तास

लिंशॉपिंगला नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
ओला कोट हाताला लागेल तिथे अडकवून
मी फळ्याकडे वळले.
समोर चाळीसेक पोरं, उडणारं काहीतरी घडवू पाहणारी,
कॉफीचे कागदी पेले, कुणाचं तरी सायकलचं हेल्मेट.

माझ्याकडे सांगायला होतं ते एवढंच:
दोन जोडण्या. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या,
विमानाच्या पोटात वीतभर अंतरावर.
टॉर्स्टेन म्हणाला होता, या कधीतरी उलट्या बसतील.
एकदा जेवताना म्हणाला, एकदा मुकादमापाशी,
तिसऱ्यांदा लेखी.
कागद फायलीत गेला, फाइल कपाटात,
कपाट वरच्या मजल्यावर.
आणि एका रात्री, गारठ्याने बोटं बधिर असताना,
त्या उलट्या बसल्या.
बसवणारा टॉर्स्टेनच होता.

इथे वर्ग नेहमी गप्प होतो.
खोटं कशाला बोलू, ती शांतता मी वापरते.
एकवीस वर्षं हीच गोष्ट सांगतेय,
कुठे थांबायचं ते पाठ झालंय.

विमान धावपट्टीवरच कलंडलं, कुणी गेलं नाही.
टॉर्स्टेन गेला, नोकरीतून.
वेटर्नच्या काठावर नावा दुरुस्त करतो म्हणे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे पायी चालणाऱ्यांचं.
विमानात पुढच्या रांगेतला नि मागच्या रांगेतला
एकदमच ठेचाळतात.
हे त्यांनी लिहून घेतलं.

मग एकाने विचारलं,
न झालेला अपघात मोजायचा कसा?
मी पाणी प्यायले.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची ईल्वा
(नाव नंतर कळलं)
उठली, पायऱ्या उतरून आली,
आणि आपत्कालीन दाराच्या दांड्यावरून
माझा कोट काढू लागली.
पट्ट्याचा पीळ बसला होता दांड्याला,
सोडवायला वेळ लागला.
मग दांडा दाबून पाहिला तिने,
कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला.

तासभर दिसत होता ना? मी विचारलं.
मग आधी का नाही बोललीस?

"वाटलं, मुद्दाम अडकवलाय.
उदाहरण म्हणून."

मागून दोघंतिघं हसले, त्यांनाही तसंच वाटलेलं.
मी हो म्हणाले असते तर खपलं असतं.

नाही म्हणाले.
तिच्याकडूनच एक कागद मागून घेतला,
तारीख, वेळ, दाराचा नंबर, तिचं नाव लिहिलं,
घडी घातली
आणि कोटाच्या खिशात ठेवला.
कोट अजून ओलाच होता.