बिस्किटांचं पोतं

आमच्याकडचा कावळा पुरता काळा नसतो.
डोकं काळं, पंख काळे, शेपूट काळं,
मधे राखाडी, बिनबाह्यांचा स्वेटर
धुवून धुवून विटलेला.
तळं गोठलं की सगळे रंग
दक्षिणेला निघून जातात,
हा तेवढा राहतो.
मीही राहतो.

पलीकडचा तौनो बर्फाला भोक पाडतो,
गळ सोडतो, आणि शेकायला घरात जातो.
की आलीच ही.
ही म्हणजे डाव्या पायाचं एक बोट नसलेली.
नर की मादी, देव जाणे,
पण इतका धीर बाईमाणसालाच असतो
असं माझी बायको म्हणायची.
चोचीत दोरी धरते, चार पावलं मागे सरते,
दोरीवर पाय ठेवते, तिच्यावरूनच
चालत पुन्हा भोकाशी येते,
पुन्हा धरते, पुन्हा मागे.
विहिरीतून पाणी शेंदावं
तसा मासा शेंदते.
तौनो दारातून शिव्या घालतो.
संध्याकाळी मला विचारतो, पाहिलंस?
मी म्हणतो, नाही बुवा, डोळा लागला होता.

चाळीस वर्षांचा शेजार,
आणि मी साक्ष फिरवली
एका चोरटीसाठी.

हल्लीचं आणि तिचं मात्र वैर.
हल्ली, माझा कुत्रा, वय वर्षं पंधरा,
मागचे पाय नावापुरते.
तो वाडग्यात तोंड घालायचा,
ही मागून शेपूट ओढायची,
तो वळेपर्यंत हिचा जोडीदार
पुढून बिस्कीट घेऊन पसार.
रोज.
रोज तो वळायचा.
मला वाटायचं, म्हातारा झाला, विसरतो.
मग एकदा पाहिलं,
भरल्या वाडग्याकडे पाठ करून
तो आधीच वळून बसला होता.
वाट पाहत.

ऑक्टोबरात गेला.
जमीन अजून खणता येत होती, तेवढं बरं.
पोत्यात अर्ध्याहून जास्त बिस्किटं उरली.
दुसऱ्या दिवशी ती आली
आणि रिकाम्या वाडग्यापासून थोडी लांब,
जिथे शेपूट असायचं,
बरोब्बर तिथे उभी राहिली.
मी दुःख म्हणत नाही. भूक असेल.
कावळ्याच्या मनातलं आपण कशाला सांगा,
बायकोच्या मनातलं तरी
मला कुठे कळलं होतं.
मूठभर बिस्किटं वाडग्यात टाकली
आणि पाठ करून पायरीवर बसलो.
तिसऱ्या दिवशीही बसलो.
सहाव्या की सातव्या दिवशी
कोटाचं टोक कुणीतरी ओढलं.

वळलो.
वळायलाच हवं होतं.

मार्चमध्ये पोतं संपलं.
दुकानात सिनिक्कानं चष्म्यावरून पाहिलं,
नवा कुत्रा?
हो, म्हणालो.
रंग?
राखाडी. थोडा काळा.
भुंकतो?
पहाटे पहाटे.
आणि अंगण सोडून पळत नाही ना?
मी चिल्लर मोजत राहिलो.

एप्रिलमध्ये हल्लीचं कांबळं
झटकायला म्हणून बाहेर काढलं.
इतके महिने हात लागत नव्हता.
कठड्यावर टाकलं, काठी शोधायला गेलो,
परत आलो तर ही कांबळ्यावर बसलेली,
एकेक केस वेचत होती,
लोकरीतून काटा काढावा
इतक्या हलक्या चोचीनं.
तोंडभर झाले तेव्हा उडाली
बर्चच्या शेंड्याकडे,
तिथे काटक्यांचं अर्धं घर तयार होतं.
परत आली. पुन्हा गेली.

त्याचे केस, तिचा स्वेटर,
उन्हात रंग अगदी एकच दिसत होता.

मी काठी परत शेडमध्ये ठेवली.
कांबळं अजून बाहेरच आहे.
तौनो म्हणतो, भिजेल.
भिजू दे.