सत्त्याऐंशी टक्के

तिसऱ्या पाळीतून सुटलो की लगेच घरी जात नाही मी.
अंबडहून गाडी वळवतो पांडवलेणीच्या पायथ्याशी,
हेल्मेट आरशाला अडकवतो
आणि खिशातून फोन काढतो,
रात्रभर जसा गेज काढत होतो तसाच.

बेअरिंग तपासणं हे माझं काम.
गेजातून गेलं तर पास, अडकलं तर रिजेक्ट.
वीस वर्षं झाली,
मधलं काही हाताला ठाऊक नाही.

अ‍ॅप भाच्याने टाकून दिलं, श्रीरंगने.
म्हणाला, मामा, दिवसा झोप लागत नाही ना तुला,
मग हे बघत जा.
पहिल्या महिन्यात एकोणीस नावं जमली.
घाणेरीवर हळदीकुंकू,
पंख मिटले की करंडा सांडल्यासारखं.
हबशी : झाडाखालच्या सावलीतून
सावलीचाच एक तुकडा सुटून आलेला.
नीलवंत एकदाच दिसला, तोही हलला,
फोटोत उरला निळा ओरखडा.
अ‍ॅप म्हणालं, ओळख पटली नाही.
मला पटली होती.

आज रोपवाटिकेच्या कुंपणाशी
भाद्रपदातलं चटचटीत ऊन,
आणि उन्हात केशरी पंख,
टोकाला काळं, काळ्यावर पांढरी पट्टी.
गुडघ्यावर बसलो. श्वास धरला.
वर्तुळ फिरलं, फिरलं, थांबलं :
रुईकर. सत्त्याऐंशी टक्के.

रुईकर म्हणजे रुईची पानं खाऊन वाढलेलं,
अंगात चीक मुरलेलं.
एकदा चाखलेला पक्षी
त्या रंगाला पुन्हा चोच लावत नाही.
सत्त्याऐंशी टक्क्यांवर आमच्याकडे
अख्खी पेटी परत येते.
तरी मी बोट नेलंच बटणावर.

"काय गावलं, भाऊ?"
मथुराबाई गांगुर्डे, वाफे निंदायला असतात त्या.
ओच्यात खुडलेली घोळ,
भाजीला.
मी फोन पुढे केला.
त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही, पाहिलं खाली, वाफ्याकडे.
"रुईवरची नाय ती. घोळीवर अंडी घालती.
रुईवालीच्या मागल्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात,
हिच्या कुठेत? बघा की नीट."

दोन बोटांनी फोटो ताणला.
मागचा पंख मधोमध कोरा.
कड कातरलेली, घाईत कापलेल्या कागदासारखी.

म्हणजे ही चांदव्याची मादी.
नर काळाभोर, पंखांवर पांढरे चांद मिरवणारा,
आणि ही केशरी,
दुसरीच्या विषाचा नुसता रंग पांघरून.
आत थेंबभर विष नाही.
बुलबुल फसतो. फोन फसला.
मीसुद्धा, रोज मायक्रॉनमध्ये बोलणारा.

आमच्या खात्यात याला डुप्लिकेट म्हणतात,
लाल खडूने फुली मारून बाजूला ठेवतात.
इथे फुली
कशावर मारायची?

'ओळख दुरुस्त करा' दाबलं.
ओळखणाऱ्याचं खातं विचारलं त्याने.
मथुराबाईंचं खातं फक्त बँकेत, तेही जनधनचं.
मग शेऱ्यात लिहिलं :
ओळख, मथुरा गांगुर्डे, घोळीवरून.
"माझं नाव कशाला त्यात?"
तुम्ही ओळखलंत म्हणून.
"मग हजेरी वाढंल का?"
आणि स्वतःच हसल्या, मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून.

तेवढ्यात ती पुन्हा उतरली,
घोळीच्या लालसर देठाशी पोट वाकवून
क्षणभर टेकली, उडाली.
पानामागे एक अंडं,
मोहरीहूनही बारीक.
मथुराबाईंनी तेवढं झुडूप सोडलं,
शेजारी खूण म्हणून विटेचा तुकडा ठेवला.

मी फोन अगदी जवळ नेला.
वर्तुळ फिरलं, फिरलं, थांबलं :
या फोटोत फुलपाखरू आढळले नाही.

"थांब म्हणा त्याला जरा," मथुराबाई म्हणाल्या,
आणि ओचा सावरत
पुढच्या वाफ्यावर सरकल्या.