उघाडी

फिलूमावशी विहिरीचं पाणी जिभेवर ठेवते,
थुंकते, आणि म्हणते : अजून पंधरा दिवस.
मीटर माझ्या खिशात आहे.
आकडा तिच्याच बाजूने बोलतो.

मनोरीत भात लावायचा तर आता
आधी भरतीची वेळ बघावी लागते.
तिने वाफे हातभर उंच केले,
वांगी सोडली, पालक धरला,
आणि कायतानच्या माळ्यावरून उतरवलं
लाल तुसाचं जुनं खारं बियाणं.
मूठभरच उगवलं, पण उगवलं.

बांधाचं काय करणार?
बांध चौघांचा. तीन हिस्से आम्ही लिंपले.
चौथा विकला गेला, मालक दुबईत.
त्याच्या जागेत एक पाटी उभी, आणि खेकड्यांची बिळं.
खाडी तिथूनच आत येते.
तिला पाटी वाचता येत नाही.

उघाडीची फळी सडली म्हणून बोरिवलीला गेलो.
एका टेबलाने दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं,
दुसऱ्याने हसून विचारलं, "मुंबईत शेती?"
मावशीने पिशवीतून पालकाची जुडी काढली,
त्याच्या फायलींवर ठेवली. ओली.
काही बोलली नाही.

आज अवस. रात्री मोठं उधाण.
कायतानच्या मोडक्या होडीची फळी तासून
आम्ही उघाडीला बसवतोय. बसते, पण बोटभर कमी पडते.
त्या फटीत मावशी
जुन्या लुगड्याचा काठ कोंबते.
"धर," म्हणते, "हात सोडू नको,
मी चिखल आणते."