बिघाडाचा रकाना

वाचनालयाचा चार्ज माझ्याकडे,
कारण ड्रॉइंगचा तास कुणालाही देऊन टाकता येतो.
चार कपाटं. त्यातलं एक उघडत नाही,
किल्ली मागच्या हेडमास्तरांबरोबर रिटायर झाली.
शिवलीला किल्लीला कीली म्हणते
आणि कपाटाला कपाटु.
तिचा वर्ग पलीकडच्या इमारतीत, कन्नड माध्यमाचा,
पण आमच्या खिडकीतून मलप्रभेचं वारं येतं म्हणून
वाचनाच्या पावतासाला ती इकडं येऊन बसते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बारा टॅब आले.
खोक्यावर कन्नड, आतल्या कागदावर इंग्रजी,
आणि मराठी म्हणाल तर
खोका भरमाणी शिपायाच्या पायावर पडला
तेव्हा निघाली तेवढी.

पडद्यावर पुस्तकांच्या रांगा.
कन्नडवर बोट ठेवलं तर संपता संपेनात,
इंग्रजीवर ठेवलं तर बोट दुखायला लागलं.
मराठीवर ठेवलं : अकरा.
त्यातलं एक दोनदा,
आणि एक हिंदी.

मग आम्ही आमचीच पुस्तकं
एकेक पान करून टॅबला दाखवली.
वाळवीनं कडा खाल्लेली, हळदीचे डाग पडलेली,
कुणाच्या तरी मामानं 'सप्रेम भेट' लिहिलेली.
स्पीकरच्या चित्रावर दाबलं की आत कोणीतरी बाई वाचते.
खोकत नाही, ओळ चुकत नाही,
पोरांकडं मान वर करून बघतही नाही.

सातेरी आठवीत. कणकुंबीकडचा.
पहाटे डेअरीला दूध घालून मग शाळेत.
वाचायची पाळी आली की पुस्तक तोंडासमोर इतकं उंच धरतो
की पुस्तकच वाचतंय असं वाटावं.
मी कधी ओढून काढलं नाही ते खाली.
खरं तर काढायला हवं होतं, की नको, अजून ठरलेलं नाही माझं.

त्या दिवशी बाई वाचत होती,
'माणसाने या जगात जगावे कसे.'
पुस्तक खाली आलं.
'चुकली,' सातेरी म्हणाला.
'पहिला ज बरोबर हाय. दुसरा जहाजातला नव्हे, जागेतला.'
वर्ग गप्प.
मी बाईला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच.

मग काय, त्याला कोण आवरणार?
फळ्यावर त्यानं लिहिलं : चार म्हशी चार.
बाईनं वाचलं, चार, चार, दोन्ही आकडे.
'ह्या बाईनं म्हशी राखलेल्या न्हाईत,' तो म्हणाला,
आणि पोरं बाकावर हात आपटून हसली,
त्याला नव्हे, टॅबला.
शिवलीलानं दोनदा म्हणून बघितलं. तिचाही दुसरा चार आकडाच निघाला.
सातेरीनं तिला जीभ कुठं टेकवायची ते दाखवलं.
तिनं त्याला ळ्ळ म्हणायला लावलं, आणि तो अडकला.
पंधरा मिनिटांचा चाळीस मिनिटं झाला तो पावतास,
गणिताचे बिर्जे सर दारात उभे राहून गेले.

साहित्याच्या रजिस्टरला चार रकाने असतात :
क्रमांक, तारीख, बिघाड, उपाय.
मी लिहिलं :
सात. अठ्ठावीस. च आणि ज. सातेरीस विचारणे.

महिन्यानं तालुक्याहून तपासनीस आले.
'इदु एनु?' त्यांनी त्या ओळीवर पेन ठेवलं.
माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं.
शिवलीला उठली, बराच वेळ बोलली,
मध्ये म्हशी आल्या, जीभ आली,
साहेबांचा चेहरा काही सांगेना.
सही केली. चहाही न घेता निघाले.

खिडकीतून दिसलं :
जीपला हात टेकून उभे,
तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून बघताहेत.
चार.
चार.
ड्रायव्हर मागं वळून बघतोय.