दुधाचं वर्ष

वेझेम्बा आता गाय डोळ्यांनी शोधत नाही.
वारुळावर एक पाय टेकून उभा राहतो,
टोपी काढतो, तोंड जरासं उघडं ठेवतो
(त्यानं जास्त ऐकू येतं म्हणे)
आणि घंटेचा कानोसा घेतो.

याच वारुळावरून त्याच्या बापाला
वॉटरबर्गच्या तांबड्या कड्यापर्यंत दिसायचं.
तीन कोसांवर धूळ उठली की तो सांगायचा
कुणाची गुरं, पाण्याकडे निघालीत की पाण्याकडून,
आणि मागे रेंगाळलेली ती कवडी गाय गाभण आहे.
थोडं वाढवूनही सांगत असेल.
पण मधे नुसतं गवत होतं,
त्याला खोटं पाडायला एक झाड नव्हतं.

आता दहा पावलांवर काटा.
बाभळीच्या भावकीतला, पण आकडीचा.
बाही धरली की सोडत नाही,
भावकीतलाच जसा.

ओकाकाराराच्या या अंगाला
जुन्या माणसांच्या वर्षांना आकडे नसतात, नावं असतात.
लंगड्या सिंहाचं वर्ष.
विहिरीत वासरू पडलं ते वर्ष.
आणि ओळीनं तीन पावसाळे असे आले
की मधे खंडच पडला नाही,
तेव्हा तिघांना मिळून एकच नाव पडलं:
दुधाचं वर्ष.
भोपळ्याचे बुधले पुरेनात.
वेझेम्बाचं लग्न त्यातच झालं,
पाहुणे आठवडाभर हलले नाहीत.

काट्याला रुजायला एक पाऊस पुरतो.
जगायला तीन लागतात.
गवताच्या बुडाशी, दोन-दोन पानांची,
घोट्याएवढी रोपं
त्या वर्षी कुणी पाहिली नाहीत.
सगळे बुधल्यांकडे बघत होते.

मग कोरडं पडलं.
गुरांनी गवत मुळापर्यंत खरवडलं.
पूर्वी दोन-तीन वर्षांआड वणवा यायचा;
बाप म्हणायचा, ही आपली खुरपणी, फुकटची.
त्यानंतर एकदाच आला,
कुंपणापर्यंत,
आणि खायला काही नाही बघून उपाशी मागे फिरला.
थंडीही तशी राहिली नाही.
टाकीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरायचा,
त्या रात्री कोवळे शेंडे काळे पडत.
शेवटचा पापुद्रा जेकुरानं बोटानं फोडला
तेव्हा ती सात वर्षांची होती.

आता ती विंडहुकला शिकते.
म्हणते, आजोबा, हवाच बदललीय.
दूरदूरच्या धुराड्यांतून जे सुटतं
ते गवतापेक्षा काट्याच्या अंगी लागतं.
“म्हणजे तिकडे बसून कुणीतरी माझा काटा पोसतंय?”
थोडा, ती म्हणते.
थोडा आपल्या गुरांनी पोसला.
थोडा त्या पावसानं.
पावसाला बोल लावलेला त्याला खपत नाही.
तो काठी उचलून बाहेर जातो.

बाहेर हाउसिकु.
कावांगोहून आलाय, कोळसा पाडतो,
पापण्यांपर्यंत काळा.
काटा तोडायचा, लोखंडी भट्टीत कोंडायचा,
दोन रात्री जागून राखायचा.
पोत्यांवर जर्मन अक्षरं असतात.
“तिकडे उन्हाळ्यात लोक अंगणात मांस भाजतात,” तो सांगतो,
“आपल्यासारखंच. फक्त कोळसा विकत घेऊन.”
वेझेम्बा भट्टीच्या धुराकडे मान वर करून बघतो.
जेकुराचं बोलणं अजून कानात आहे.
“आणि त्यांचा धूर?”
हाउसिकुला प्रश्न कळत नाही.

घंटा ओढ्यापलीकडे वाजते.
मागल्या साली हाउसिकुनं मोकळ्या केलेल्या तुकड्यात
गाय उभी आहे, पोटापर्यंत गवतात,
डाव्या डोळ्यातून पाणी गळतंय, काटा लागलेला.
बाकी ठीक.
एवढं गवत त्यानं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.
सलग दुसरा चांगला पाऊस आहे.

मागून धावत आलेली जेकुरा धापा टाकत
कासेला हात लावून बघते.
“दूध बरंय यंदा,” म्हणते.

तो काही बोलत नाही.
हातानं गवत बाजूला करून
खाली बघतो, घोट्यापाशी.